एकानेच उभं राहायचं

१२ जानेवारी, सोमवार

आज कॉलेजच्या चौकशी समितीसमोर तन्वी घरतने सांगितलं, "गुडघ्याला टेप मॅडमनीच बांधली. खेळ म्हणाल्या." हे खोटं आहे. मी समोर बसले होते. म्हणून लिहायला घेतलं. रोजनिशीचा मला नाद नाही, पण हे कुठेतरी जसंच्या तसं राहायला हवं. तोंडी बोललेलं कसं फिरवता येतं ते आज पाहिलं.

तन्वी आमच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन. टी.वाय.ला आहे. शिरवण्याची. गेल्या मंगळवारी वाशीला झोनल फायनलमध्ये तिचा गुडघा गेला. लिगामेंट. सूज उतरली की ऑपरेशन. दुखऱ्या गुडघ्यानिशी तिला मैदानात कोणी उतरवलं, एवढाच आजचा प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. सामंत. मुख्य कोच ते. मी असिस्टंट.

ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. सामंत बघत होते. चष्मा पुसत, शांतपणे.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "मॅडम, तुम्ही कडक आहात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात वाईट काही नाही. पण..." तो 'पण' त्यांनी तसाच टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "मी बांधली नाही." एवढंच. खरं बोलायला तयारी लागते हे लक्षातच आलं नव्हतं. खोट्याची तयारी करून आले होते लोक.

इतकी वर्षं सामंत सर म्हटलं. आजपासून नुसतं सामंत. आणि तिचं नाव पूर्ण लिहवत नाही. त.

१३ जाने., मंगळ.

झालं ते क्रमाने.

त.चा उजवा गुडघा डिसेंबरपासून सुजत होता. मीच नेरुळला डॉक्टरांकडे नेलं. विश्रांती सांगितली. सामंतांना त्याच दिवशी फोन केला. "बघू हो मॅडम, फायनलला अजून वेळ आहे," म्हणाले. हे त्यांचं शेवटचं वर्ष. मेमध्ये रिटायर. कप घेऊनच जायचं होतं.

आमच्यात एक पद्धत आहे. मॅचच्या आधी मी बॉलच्या पालथ्या क्रेटवर बसते. मुली एकेक करून येतात, टाच माझ्या मांडीवर ठेवतात, मी टेप बांधते. घोट्याला, लागलं तर गुडघ्याला. जिला खेळू द्यायचं नाही तिचा पाय उचलून खाली ठेवते. बोलायचं नाही. वाद नाही. मॅडमची टेप म्हणजे हो. मुलींना हे पाठ आहे. सामंतांनाही.

त्या दिवशी त. रांगेत शेवटी आली. टाच ठेवली. मी खाली ठेवली. तिने पुन्हा ठेवली. असं आजवर कोणी केलं नव्हतं. मी पुन्हा खाली ठेवली.

"मॅडम, शेवटची फायनल आहे ओ माझी."

"म्हणूनच."

मग मी स्कोअररच्या टेबलाकडे गेले, मुलींची ओळखपत्रं दाखवायला. ते असिस्टंटचं काम. पाठ मैदानाकडे. एका फोटोवरून तिथल्या माणसाने घोळ घातला, वेळ गेला. वळले तर त. मधल्या वर्तुळात, उडी घ्यायच्या तयारीत. गुडघ्याला पांढरीशुभ्र टेप.

सामंत साइडलाइनला उभे. त्यांच्याजवळ गेले.

"सर, तिला बाहेर घ्या."

"मॅडम, खाली बसा."

"सर, तिला..."

"बसा हो! दोघं उभे राहिलो तर टेक्निकल पडेल!"

नियम आहे तसा. कोच आणि असिस्टंट, एका वेळी एकानेच उभं राहायचं. नाहीतर फाउल, समोरच्यांना फ्री थ्रो. हा नियम मी इतक्या जणींना शिकवला आहे की झोपेतही पाळीन.

बसले.

तिसऱ्या क्वार्टरला ती रिबाउंडला उडाली आणि वाकडी खाली आली. आवाज मला बेंचवर ऐकू आला असं वाटतं. शक्य नाही. ढोल चालू होते.

मॅच जिंकलो. मी रिक्षात होते, तिचं डोकं खांद्यावर. हॉस्पिटलात सिस्टरने टेप कापली तर टेपबरोबर कातडी आली. दोन पट्टे, मांडीला एक, पोटरीला एक. खाली फोम नव्हता. टेपच्या आधी फोमची पातळ पट्टी गुंडाळायची, मग टेप. हे मी न चुकता करते. सिस्टर खेकसली, "कोणी बांधली ही? अशी बांधतात?" त. छताकडे बघत होती.

तेव्हाच कळलं कोणी बांधली ते. मी विचारलं नाही. मला वाटलं, ती आपणहून सांगेल.

१४ जाने., संक्रांत

सकाळी टीमच्या ग्रुपवर सामंतांचा पतंग आणि तिळगूळ. 'गोड गोड बोला.' त्याखाली मुलींची लाल बदामं. त.चंही एक.

संध्याकाळी बेल. त.ची आई. शिरवण्याहून जुईनगरला एकटीच आली, पायी. हातात तिळाच्या लाडवांचा डबा. आत आली, बसली, डबा काही दिला नाही. मांडीवरच.

"मॅडम, तुमचे भरवशावर पोर दिली होती."

"हो."

"तिचे बापासंगं मीच भांडन केला, खेलू दे पोरीला म्हनून. मॅडम हायेत, बोलले. आता बाप मना काय काय बोलतो. असा कसा केलाव तुमी?"

"मी टेप बांधली नाही, तन्वीची आई."

"मंग पोर खोटा बोलतं?"

म्हटलं, तिलाच विचारा.

"इचारला. बोलतच नाय. जेवत नाय. भिंतीकडं तोंड करून पडलंय." मग जरा सावरून, "आता एक बरा हाय. सामंत सर आलेले घरी. बोलले, जूनपासून कॉलेजात लावतो पोरीला. बाप पन गप झाला. त्यानं उलव्याचा पोरगा बघितला होता. नोकरी नाय तर लगीन, असा बोलला होता ना तो."

"कॉलेजात कशावर लावतो म्हणाले?"

"असिस्टंट. टीमची." माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. "तुमी आता मोठ्या मॅडम होनार ना, सर गेल्यावर? मंग बराच हाय. तुमचेच हाताखाली र्‍हाईल."

असिस्टंटची जागा एकच आहे, माझी. आणि असा ठपका बसलेल्या बाईला मोठी मॅडम कोणी करत नाही.

बाईला ते माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मीही सांगितलं नाही. जाताना डबा टीपॉयवर ठेवून गेली. "गोड बोला" म्हणाली नाही. मीही नाही.

लाडू चांगले आहेत. माझ्या नवऱ्याने, अशोकने खाल्ले.

१५ जाने., गुरु.

झोप नाही. जुनं आठवतंय, ते लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल.

बी.पी.एड. झाले तेव्हा मला कोच म्हणून कोणी घेतलं नाही. मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत एक बाई हवी, असा नियम, म्हणून घेतलं. कागदावर 'लेडी मॅनेजर'. मुलींचे डबे, मुलींच्या अडचणी, मुलींच्या आयांचे फोन. कोच कोणीतरी पुरुष. पहिले सर व्हॉलीबॉलचे होते, त्यांना झोन डिफेन्स मी शिकवला, मैदानावर खडूने खुणा करून. दुसऱ्यांनी अर्ध्यात सोडलं. मग सामंत. सामंतांना खेळ कळतो, हे लिहायलाच हवं. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पद बदलून 'असिस्टंट कोच' तेही त्यांनीच करून घेतलं. "माझ्यानंतर तुम्हीच," हे दर वर्षी गॅदरिंगला माइकवर बोलायचे. मुली टाळ्या वाजवायच्या. मी मान खाली घालून बसायचे. उभं राहणं त्यांचं काम.

त. पहिल्यांदा आली तेव्हा लांब हात, मोठी पावलं, आणि चेंडू असा धरायची जसं कोणी हिसकावून घेणार आहे. तिच्या बापाला भेटायला शिरवण्याला गेले होते. घरावर चार मजले चढवलेत, सगळ्या खोल्या भाड्याने, खाली भाडेकरूंच्या बाइकची रांग. पैशांचा प्रश्न नव्हता. बाप म्हणाला, "मॅडम, शॉर्ट घालून पोर खेलनार. चार लोक तिचे पाय बघनार. गावात मना तोंड दाखवायचा हाय."

मी म्हटलं, "घरतदादा, तिच्या पायांकडे वाकड्या नजरेने कोणी बघणार नाही. मी तिथे असेन." शब्द दिला.

आणि पहिल्या मॅचला ती टाच माझ्या मांडीवर ठेवेना. "पाय कसा लावू मॅडमना?" मागे मुलींची रांग, शिट्टी व्हायची वेळ. ही आपली लाल होऊन उभी. शेवटी मी तिचा घोटा धरून ओढला. बांधून झाल्यावर वाकून माझ्या गुडघ्याला हात लावून कपाळाला लावला. बाकीच्या हसल्या. "ए घरत, देवळात आलीस काय?" तरी दर मॅचला करायची. कधी चुकवलं नाही.

फायनलला मी बांधलीच नाही, त्यामुळे ते राहिलं.

१७ जाने., शनि.

सकाळी प्रॅक्टिस मी घेतली. सामंत आले नाहीत. मुली रोज मी ओरडायच्या आधी पळतात, आज ओरडल्यावरही रेंगाळल्या. एकीने पाणी प्यायला जाताना विचारलंसुद्धा नाही.

सुटल्यावर रेवा मागे राहिली. सीवूड्सची, एस.वाय., बॅकअप गार्ड. हुशार आहे, डावा हात कच्चा. बॉल भरण्याच्या निमित्ताने क्रेटपाशी घुटमळत होती.

"मॅम, एक बोलू?"

"बोल."

"त्या दिवशी चेंजिंग रूमच्या मागच्या पॅसेजमध्ये सर तिला टेप बांधत होते. तुमच्या बॅगेतली. मी बघितलं. आम्ही सगळ्या घाबरलो होतो की ही कशी खेळणार, मग टेप दिसली. सर बोलले, मॅम बोलल्या चालेल. म्हणून कोण काय बोललंच नाय."

"समितीला सांगशील?"

तिने बॉल क्रेटमध्ये नीट बसवला. मग दुसरा.

"माझं अजून एक वर्ष आहे ना मॅम. नेक्स्ट इयर कॅप्टन्सी... मला टेन्शन आलंय. माझं नाव नका घेऊ ना, प्लीज."

"नाही घेणार."

"सॉरी मॅम."

"डाव्या हाताने ड्रिबल कर रोज. जा."

रडत गेली. मला का सांगितलं मग? स्वतःला हलकं करायला. माझ्याकडे येऊन सगळ्या हलक्या होतात. मी मात्र जड होत जाते. असो.

१९ जाने., सोम.

प्रिन्सिपॉलनी बोलावलं. चहा मागवला, म्हणजे वाईट बातमी.

निकाल नाही अजून. त.चं म्हणणं फक्त तोंडी आहे. तिने ते लिहून, सही करून दिलं की माझं असिस्टंटपद गेलं, शिवाय माझ्या फाइलला शेरा. मग इथेच काय, मी कुठल्याच मुलींना हात लावू शकणार नाही. कोण ठेवेल? दुखऱ्या मुलीला खेळवणारी बाई.

सव्वीसला झेंडावंदनानंतर विजयी संघाचा सत्कार. म्हणून लेखी म्हणणं सत्तावीसला, मंगळवारी. "सणासुदीला वाद नको," म्हणाले. सत्कार सामंतांच्या हस्ते की सामंतांचा, ते विचारलं नाही.

"तोपर्यंत मॅडम, तुम्ही संघापासून लांब राहिलात तर बरं. साहित्य सगळं कॅप्टनकडे देऊन टाका. सामंत सरांनीच सुचवलं. म्हणजे कोणाला बोलायला जागा नको."

कॅप्टनकडे. म्हणजे त.कडे.

"तुमच्याकडे काही पुरावा असेल तर आणा मॅडम. मी दोघांचंही ऐकणारा माणूस आहे."

माझ्याकडे काही नाही, म्हटलं.

चहा प्यायले. गार झाला होता तरी प्यायले.

२० जाने., मंगळ.

अशोकला सगळं सांगितलं. हॉस्पिटलातलं कातडीचंसुद्धा, ते आधी सांगितलं नव्हतं. टेलिफोनमधून रिटायर झालेला शांत माणूस. ताट बाजूला सारून उभाच राहिला.

"मग हे आहे ना! तू कधी फोमशिवाय बांधलीस? साऱ्या मुली सांगतील. तिच्या पायावर जखमा आहेत अजून. समितीला म्हण, बघा."

"कोण बघणार?"

"समिती."

"चार पुरुष आणि मीटिंगचे मिनिट्स लिहिणारी एक बाई. त्यांच्यासमोर तिला सलवार मांडीपर्यंत वर करायला सांगू?"

"लेडी डॉक्टर बोलवा."

"आणि मग ती डॉक्टर त्या चौघांना वाचून दाखवणार. मांडीला इथे, पोटरीला तिथे. सामंत चष्मा पुसत ऐकणार."

"रोहिणी, तिने तुला विकलं."

"माहीत आहे."

"तरी तू..."

"दया नाही करत मी. राग इतका आहे की ती समोर आली तर काय करीन माहीत नाही. पण तिचा पाय पुरावा म्हणून टेबलावर ठेवणार नाही. तिच्या बापाला शब्द दिलाय. तो शब्द तिने मोडला म्हणून सुटत नाही, तो माझा आहे."

ताटं उचलून आत नेली. मग भांडी घासायला उभा राहिला आणि पाठमोराच म्हणाला, "तुझ्या टीममध्ये आता मीच एकटा उरलोय. मला तरी खेळवशील का, की बेंचवरच?"

हसले. या आठवड्यात पहिल्यांदा.

तिने स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. तिने स्वतः.

२२ जाने., गुरु.

सामंतांना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं. कप कपाटावर. मी दार उघडं ठेवून बोलले.

"तुम्ही बांधलीत."

नाही म्हणाले नाहीत. खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

"मॅडम, टेप टेप असते हो. पोरगी रडत होती, खेळायचं म्हणत होती. मी काय, जबरदस्ती केली?"

"मग असं समितीला सांगा."

"मेमध्ये जातोय मी. या वयात शेरा घेऊन जाऊ? तुमचं काय जाणार आहे? अशोकरावांची पेन्शन आहे, मुलगा सेटल आहे. आणि त्या पोरीचा विचार करा. बापाने लग्न लावलं तर संपली. पाय गेला, आता खेळून नोकरी मिळणार नाही. तिला जागा मिळतेय. तुमच्यापेक्षा तिला गरज आहे, हे तरी मान्य कराल?"

हे वाक्य खरं आहे. म्हणून जास्त लागलं. खऱ्या वाक्याला असं कामाला जुंपलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

"तिला तुम्ही जागा देत नाही सामंत. माझी देताय."

'सर' गाळलेलं त्यांच्या लक्षात आलं. चेहरा बदलला. कागद चाळायला लागले.

दारातून वळून म्हटलं, "फोम लावायचा असतो आधी. माझ्या बॅगेत बाजूलाच होता."

"घाईत राहिलं," म्हणाले. आणि मग चष्मा पुसायला घेतला, कारण काय बोलून गेलो ते त्यांना कळलं. ऐकणारी मी एकटीच होते. त्यामुळे त्याचा उपयोग नाही.

२४ जाने., शनि.

साहित्य दिलं.

त. आली. कुबडी, गुडघ्याला लांब पट्टा. वाळली आहे. दारात उभी राहून "मॅडम, आत येऊ?" म्हणाली, प्रॅक्टिसला उशीर झाल्यावर म्हणायची तसं. मी कपाट उघडत होते. "ये." तिची बसायची सोय करावी लागली. स्टोअरमध्ये खुर्ची नाही. क्रेट पालथा करून दिला. माझाच.

एकेक वस्तू दाखवत गेले, ती मान हलवत गेली. पंपाची सुई वाकडी आहे, थुंकी लावून घाल. शिट्टी ही मोठी, ही लहान, लहानच वापर. पाळीचं सामान या डब्यात, मुली मागत नाहीत, आपणच बॅग उघडी ठेवायची. बर्फाची पिशवी गळते. सगळं कोरडं बोलले. कामाचं.

टेपच्या डब्यापाशी आलो तेव्हा म्हणाली, "मॅडम, मला हे येत नाय."

"काय?"

"बांधायला. तुम्ही सगळ्यांना बांधायच्या, मी कधी बघितलंच नाय नीट. मी वर बघायचे. तुमच्याकडे."

मनात आलं, सामंतांना विचार. तोंडावर आलं होतं. गिळलं. जूनमध्ये हिच्यासमोर मुली रांगेत उभ्या राहणार आणि ही थेट कातडीवर टेप लावणार. मुलींचा काय दोष?

चप्पल काढली. उभ्यानेच, कपाटाला धरून, माझी टाच तिच्या मांडीवर ठेवली. दुखऱ्या नाही, दुसऱ्या बाजूच्या.

ती दचकली. मग दोन्ही हातांनी घोटा धरला.

"आधी काय?"

तिचा हात डब्यात गेला. टेप बाजूला सारून फोमचा रोल काढला.

"फोम," म्हणाली.

"का?"

गुंडाळायला लागली. एक वेढा सैल गेला. म्हटलं, सोड, परत. परत केलं. मग टेप. खालून वर, टाचेखालून आठाच्या आकड्यात. ठीक बांधली. माझ्या घोट्यावर पाणी पडलं ते मी बघितलं नाही असं केलं.

"मॅडम."

"हं."

"मंगळवारी लिहून मागितलंय."

"माहीत आहे."

"पप्पा म्हणतात, सही कर आणि सुटून जा. सर म्हणतात, कर. मी काय लिहू?"

इतकी वर्षं मी बेंचवरून ओरडून सांगत आले. डावीकडे जा, पास दे, थांब, आता. हिला सर्वात जास्त. आजही एक शब्द पुरला असता. तो शब्द मी बोलले असते तर तो माझ्या फायद्याचा झाला असता, आणि ती पुन्हा कोणीतरी सांगितलं म्हणून वागली असती.

"मी तुझी कोच नाही आता," म्हटलं.

ती उठून उभी राहायला गेली. कुबडी घसरली.

"बस," म्हटलं. "गुडघा."

पाय खाली घेतला तेव्हा तिचा हात माझ्या गुडघ्याशी आला. कपाळापर्यंत गेला नाही. मध्येच थांबला.

घरी टेपवरच चप्पल घालून आले. अशोक म्हणाला, "पायाला काय?" काही नाही म्हटलं. अजून काढलेली नाही.

दिलेल्या साहित्याची नोंद, कॉलेजच्या छापील कागदावर होती तशी आठवून लिहून ठेवते:

स्टोअरची किल्ली, जोड. बॉल, क्रेटसकट, दोन शिलाई उसवलेले. पंप, वाकड्या सुईसह. शिट्ट्या, मोठी व लहान. जर्सीचा गठ्ठा, धुतलेला. चार नंबर, कॅप्टनचा, वेगळा ठेवला आहे, त्यावरचा रक्ताचा डाग गेला नाही. प्रथमोपचाराची पेटी. बर्फाची पिशवी, गळकी. कात्री. टेपचे रोल, त्यातला एक सुरू केलेला. फोमचा रोल, सुरू केलेला.

देणार: रोहिणी पाटणकर, असिस्टंट कोच.

घेणार: तन्वी घरत. पदाची जागा तिने कोरी सोडली.

शेवटी 'हस्तांतराचे कारण' असा रकाना आहे. पेन बराच वेळ त्याच्यावर धरून बसली होती. मग टोपण लावलं. "हे मंगळवारी भरलं तर चालेल का मॅडम?"

चालेल, म्हटलं. कागद तिच्याकडे आहे.